खरपुडीचा कंदील



मी सहावीत असतानाची गोष्ट. श्रावणातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी शेळ्या घेऊन शाळेमागच्या टेकडीवर गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदीची मोठी जाळी आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. त्या जाळीतून एक नाजूक वेल वर डोकावत होता. पानं जाडसर, घोळीच्या भाजीसारखी रसदार. मी लगेच ओळखलं, खरपुडी! हाताला चार काटे लागले, पण मी खुरप्याने बुंधा खणला. खाली लहान कांद्याएवढा गोल, चपटा कंद निघाला. परकराला पुसून तिथंच खाल्ला. पाणीदार लागला, गोडसर, आणि शेवटी जरा तुरट. वेल तिथंच टाकून दिला.

घरी आल्यावर आजीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आजी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "फुलं व्हती का गं येलाला?"

"व्हती की. पाच-सहा."

"आन शेंगा?"

"शेंगा नव्हत्या."

आजीचा हात थांबला. म्हणाली, "मंग त्येचा वंस बुडवलास तू. त्या टेकडीला मी धा वर्सांत खरपुडी बघितली न्हाई."

मला फार वाईट वाटलं. एक कांदा खाल्ला तर एवढं काय झालं, असंही वाटलं. पण त्या दिवसापासून मी खरपुडीची माहिती जमवायला लागले. गुरुजींनी पुस्तकातून काढून दिली, मोबाईलवर चित्रं दाखवली, आणि उरलेली आजीने सांगितली. तीच इथे लिहीत आहे.

खरपुडीला पुस्तकात कंदीलपुष्प म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. हे नाव लिनियस या शास्त्रज्ञाने दिले. ग्रीक भाषेत केरॉस म्हणजे मेण आणि पेगे म्हणजे कारंजे. मेणाचे कारंजे असा त्याचा अर्थ होतो. मला मात्र आपलं कंदील हेच नाव पटतं, कारण फूल खरोखरच कंदिलासारखं दिसतं. आपल्याकडची खरपुडी म्हणजे सेरोपेजिया बल्बोसा. तिचं फूल बोटाच्या एका पेराहून थोडंसंच मोठं असतं, म्हणून पुष्कळांच्या नजरेला पडत नाही. खाली फुगीर भाग, त्यावर हिरवट नळी, आणि वर पाच काळपट जांभळ्या पाकळ्या. या पाकळ्या इतर फुलांसारख्या पसरत नाहीत. त्यांची टोकं वर एकमेकींना चिकटलेली असतात आणि मधे पाच फटी राहतात. कंदिलाच्या काचेभोवती तारांची जाळी असते ना, तशी.

आता हा कंदील आहे कशासाठी, ते ऐका. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत नवलाची वाटली.

या फुलाला फुलपाखरू नको, मधमाशीही नको. त्याला चिलटं हवी असतात. आपल्याला जेमतेम जाणवतो असा वास ते सोडतं. त्या वासावर चिलट येतं, पाकळ्यांच्या फटीतून आत शिरतं आणि नळीत उतरतं. नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात आणि ते सगळे खाली वळलेले असतात. म्हणजे खाली उतरायला वाट मोकळी, पण वर चढायला लागलं की केस आडवे येतात. गुरुजी म्हणाले, माशांच्या खोईनसारखं. ओढ्याला पूर आला की आमचे चुलते बांबूच्या कामट्यांची खोईन लावतात. मासा आत जातो, पण त्याला बाहेर येता येत नाही. खरपुडीने चिलटासाठी तशीच खोईन लावलेली असते.

चिलट खालच्या फुगीर खोलीत अडकतं. काही जातींत त्या खोलीची भिंत पातळ असते आणि बाहेरचा उजेड आत येतो. चिलटाला वाटतं, उजेड तिकडे आहे म्हणजे वाट तिकडेच असेल. म्हणून ते वर न जाता तिथंच घुटमळत राहतं. त्या खोलीतच फुलाचे पराग असतात. हे पराग जास्वंदीच्या परागासारखे सुटी पूड नसतात. त्यांचे लहान लहान पुंजके असतात आणि दोन पुंजके एका चिमट्याने जोडलेले असतात. चिलट इकडे-तिकडे तोंड खुपसतं, तेव्हा तो चिमटा त्याच्या तोंडाला अडकतो.

मग फूल त्याला खाऊन टाकतं का? मी गुरुजींना हेच विचारलं होतं. नाही, खात नाही. साधारण एका दिवसाने नळीतले केस सुकून आक्रसतात आणि फूल कलतं. वाट मोकळी होते आणि चिलट बाहेर पडतं, पण तोंडाला परागाचा पुंजका घेऊनच. ते पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरलं की तो पुंजका तिथल्या फटीत बसतो. तेव्हा कुठे शेंग धरते. चिलट एकदा फसून शहाणं झालं असतं, तर खरपुडीला शेंगच धरली नसती!

यंदाच्या श्रावणात गुरुजींनी एक फूल दाढीच्या पात्याने उभं चिरून आम्हां तिघांना दाखवलं. आत तीन चिलटं होती, तिळाच्या दाण्यापेक्षाही लहान. आधी ती हललीच नाहीत. आम्हाला वाटलं मेली. मग एक उडालं, मागोमाग दुसरं उडालं. तिसरं फुलाच्या तुकड्यावरून चालत काठावर आलं, थोडं थांबलं आणि मग गेलं. भिंगातून केस स्पष्ट दिसत होते, सगळे खाली वळलेले.

खरपुडी रुईच्या कुळातली आहे. दिसायला दोघींचं काही जुळत नाही, पण शेंग पाहिली की खूण पटते. शेंगा जोडीने येतात, गाईच्या शिंगांसारख्या. त्या चवळीच्या शेंगेपेक्षाही बारीक आणि टोकदार असतात. पाऊस सरला, ऊन तापलं की शेंग उभी तडकते. आतल्या प्रत्येक बीला रेशमासारखा पांढरा झुबका असतो. आपण रुईच्या म्हाताऱ्या फुंकून उडवतो ना, तशाच या खरपुडीच्या म्हाताऱ्या, फक्त लहान. वारा नेईल तिकडे जातात. एखादी खडकावर पडते, एखादी ओढ्यात. एखादीच जाळीच्या बुंध्याशी मातीत पडते.

म्हातारी उडून गेल्यावर वेल वाळून जातो. वर काहीच उरत नाही. खाली जमिनीत तेवढा कांदा असतो. थंडी, शिमगा, वैशाखातला उन्हाळा, सगळा वेळ तो झोपून असतो. मृगाचा पाऊस पडला की कोंब येतो, वेल पुन्हा काट्यांवर चढतो. म्हणजे खरपुडी वर्षातले चार-पाच महिने आपल्याला दिसते आणि बाकीचे महिने नुसती कांद्यात असते. मी खाल्ला तो कांदा म्हणजे अख्खं झाडच होतं. आंबा खाल्ला तर आंब्याचं झाड राहतं. खरपुडी खाल्ली की काही राहत नाही. आजी वंस बुडवला म्हणाली त्याचा अर्थ मला हे वाचल्यावर कळला.

खरपुडी खाणारे आपण पहिले नव्हेत. १७९५ साली रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने देशाच्या पूर्वकिनाऱ्यावरच्या झाडांचं मोठं पुस्तक छापलं. त्यात या वेलाचं चित्र आहे, आणि तिथले लोक हे कंद खातात असंही लिहिलं आहे. आपल्या डोंगरातली माणसं तर किती पिढ्यांपासून खात असतील! आजीने सांगितलेली गोष्ट १९७२ सालच्या दुष्काळातली आहे. तेव्हा ती माझ्याएवढी होती. ती सांगते तशीच लिहिते.

"आई-बा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात मिलोची भाकर, कामावर सुकडी मिळायची. पोरास्नी पुरायचं न्हाई. मंग आमी डोंगराला जायचो. कोन करांदं काढायचं, कोन खरपुडी. पोट जाळायला काय तरी पायजे. पर माजी आजी म्हनायची, येल पिवळा पडल्याबिगर खुरपं लावू नका. म्हातारी उडून जाऊ द्या, मंग खना. त्येबी मोठा कांदा आसंल तर. बारका निगाला तर मागारी मातीत लावा, वर पाला लोटा."

मी म्हटलं, "आजी, भूक लागलेली असताना तुम्ही थांबत होता?"

आजी हसली. म्हणाली, "कवा थांबलो, कवा न्हाई थांबलो. खोटं कशाला बोलू?"

मला वाटतं, आजीचं आणि माझं खणणं सारखं नव्हतं. तिला भूक होती. मी त्या दिवशी शाळेतली खिचडी खाऊन गेले होते. पण कांद्याला त्याचं काय? तो दोन्ही वेळा गेलाच.

तरीही नुसत्या खाण्याने टेकडीवरची खरपुडी संपली असं आजी म्हणत नाही. तिचं म्हणणं, जाळ्या गेल्या म्हणून खरपुडी गेली. हे मला आधी पटलं नव्हतं. मग नीट बघितलं तर तिचंच खरं निघालं. खरपुडीचं खोड सुतळीसारखं बारीक, पानं रसाळ. शेळीने एक घास मारला की फुलासकट सगळं संपतं. मोकळ्या रानात तिला शेंग धरेपर्यंत कोण जगू देतं? ती जगते करवंदीच्या, निवडुंगाच्या, हिवराच्या काट्यात. तिथे शेळीचं तोंड पोचत नाही आणि आपला हातही पोचत नाही. जाळीच्या सावलीत माती ओली राहते, पाला कुजतो, बी रुजते. काटे हीच तिची राखण. जाळी तोडली की राखणदार गेला.

जाळ्या कुणी तोडल्या, हे लिहू की नको असं झालं होतं. पण लिहिते. कुंपणाला काटे पाहिजेत म्हणून तोडल्या, चुलीला पाहिजेत म्हणून तोडल्या. टेकडीच्या पायथ्याला जेसीबी लावून जमीन सपाट केली त्यात चार मोठ्या जाळ्या होत्या. ती जमीन आमचीच आहे. तिथे आता कांदा होतो, आणि त्या कांद्याच्या पैशातूनच माझी सायकल आली. तेव्हा कुणाला नावं ठेवायला मी लिहीत नाही. पण वडिलांना मी विचारलं, "त्या जाळ्यांत खरपुडी होती का?" वडील म्हणाले, "आसंल. बघितलं कुनी?"

शिवाय फाल्गुन-चैत्रात वणवा लागतो. खोल गेलेला कांदा वणव्यातून वाचतो, पण वरच्या पाल्यात पडलेली बी कशी वाचणार? आणि वेल थोडे उरले की आणखी एक अडचण येते. सगळ्या टेकडीवर एकच वेल असेल, त्याला दोन-चार फुलं असतील, तर चिलटाने परागाचा पुंजका न्यायचा कुठे? म्हणून खरपुडी कमी झाली की आणखी कमी होत जाते.

आपली खरपुडी देशात बऱ्याच ठिकाणी आहे. एका टेकडीवरून गेली तरी दुसरीकडे असते. पण तिच्या काही बहिणींना दुसरीकडे घरच नाही. कंदीलपुष्पाच्या भारतात ५० हून जास्त जाती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी फक्त सह्याद्रीच्या बाजूला सापडतात. दोन जाती तर आपल्या शेजारच्याच आहेत. आभाळ स्वच्छ असलं की आपल्या टेकडीवरून हरिश्चंद्रगड दिसतो. त्या गडावर सेरोपेजिया लॉई नावाचं कंदीलपुष्प आहे. ते वेलासारखं चढत नाही, ताठ उभं राहतं. इंग्रजांच्या काळात लॉ नावाचे मुलकी अधिकारी मुंबई इलाख्यात झाडं गोळा करत. त्यांचं नाव या फुलाला देऊन हुकर या शास्त्रज्ञाने १८८३ साली त्याचं वर्णन छापलं. पुढे कितीतरी वर्षं ते कुणाच्या दृष्टीला पडलं नाही. संपलं असंच वाटत होतं. मग ते हरिश्चंद्रगडावर पुन्हा सापडलं. कड्याच्या कपारीत शेळी जात नाही आणि नांगरही जात नाही. काट्यांऐवजी तिथे कड्यानेच राखण केली म्हणायची.

दुसरी जात आपल्या जुन्नर तालुक्यातल्या डोंगरावर सापडली. १९७१ साली हेमाद्री आणि अन्सारी या शास्त्रज्ञांनी तिला सेरोपेजिया महाबळेई नाव दिलं. पुण्याला वनस्पतिशास्त्राचे मोठे प्राध्यापक महाबळे होते, त्यांचं हे नाव. यांतल्या अन्सारींनी पुढे १९८४ साली भारतातल्या सगळ्या कंदीलपुष्पांची माहिती एका पुस्तकात एकत्र केली. आपल्या तालुक्यातल्या डोंगरावरचं फूल जगाच्या पुस्तकात गेलं, आणि आपल्याला मात्र ते माहीत नाही! किल्ल्याची सहल काढताना आम्ही लेणी पाहतो, टाकी पाहतो, तोफ पाहतो. गवतात कोण बघतो?

ही फुलं वाचवायचं काम कोल्हापूरला झालं आहे. शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगरोडोंगरी फिरून कंदीलपुष्पांच्या जाती शोधल्या आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या. काही बियांपासून वाढवल्या, काही प्रयोगशाळेत. झाडाचा बारीकसा तुकडा काचेच्या बाटलीत खाऊपाणी देऊन ठेवतात आणि त्यापासून पुष्कळ रोपं करतात. मग ती रोपं रानात नेऊन लावायची. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं, बाटलीचं काम आपल्याला जमणार नाही, पण बी तर लावता येईल! फक्त बी आणायची कुठून? ज्या वेलाला शेंग आली असती तो मीच उपटला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आजीने मला एका ठिकाणी नेलं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही थांबत थांबत गेलो. तिथे निवडुंगाचं जुनं बेट आहे. आजी म्हणाली, "हितं आसायची. हाय का न्हाई, तूच बघ." मी खाली वाकून बघितलं. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग वाळलेल्या वेलावर शेंगांची एक जोडी दिसली, मग आणखी एक. एक शेंग तडकून रिकामी झाली होती. दुसरी तडकायच्या बेतात होती. आजीने तिच्यातल्या निम्म्याच बिया घेऊ दिल्या. बाकीच्या तिने तिथंच बेटाच्या आत फुंकून दिल्या. नऊ बिया मी वहीच्या कागदात बांधून घरी आणल्या.

यंदा जूनमध्ये त्या तेलाच्या तीन पत्र्याच्या डब्यांत लावल्या. डब्यांना खालून भोकं पाडली, तळाला खडी घातली, कारण पाणी साचलं की कंद कुजतो. नवांपैकी पाच उगवल्या. एक गोगलगाईने खाल्ली. एक कशाने मेली ते कळलं नाही. तीन राहिल्या. फूल आलं नाही. गणपतीनंतर एका रोपाची माती हळूच बाजूला करून बघितलं, तर खाली हरभऱ्याएवढा कांदा धरला होता. मी माती लगेच झाकली. मी टेकडीवर खाल्ला तो कांदा एवढा व्हायला किती पावसाळे लागले असतील, हा हिशेब मी पुष्कळदा मनात करून बघते.

ते फूल चिरून बघितलं तेही आजीच्याच जागेवरचं. यंदा तिथे सात वेल मोजले. ती जागा कुठे आहे ते मी इथे लिहीत नाही. आजीला, गुरुजींना, मला आणि बरोबर आलेल्या दोघांना माहीत आहे. सहावीतल्या मुलांनी मला चार वेळा विचारलं, एकाने तर बोरांची लाच दिली. बोरं मी खाल्ली, जागा नाही सांगितली.

डबे मात्र कुणालाही दाखवीन. पाण्याच्या टाकीमागे, सावलीला ठेवले आहेत. आता जाऊन पाहिलं तर नुसती कोरडी माती दिसेल, कारण वेल वाळून गेले आहेत आणि कांदे खाली झोपले आहेत. झाडणाऱ्या मुलांनी रिकामे समजून ते पालथे करू नयेत. एकदा तसं होता होता राहिलं आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी